सूचक, अनुमोदक आणि चांगोनाना

शेअरबाजार उघडायच्या आधी चांगोनाना बडेकर अंघोळ उरकतात, इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात, केसांना पाणी लावून भांग काढतात आणि मग लोधिवलीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून मोबाईल उघडतात. कुठे जायचं नसतं. पलीकडून कोणी बघतही नसतं. सुंदराकाकूंनी याबद्दल एकदा विचारून पाहिलं होतं.

"अवो, बोटानं मोबाईलात लिवायचं, त्याला सदरा कशाला?"

"मग सभेला बनेलवर बसू?"

"कोन बगतंय तुमाला?"

"सभा बगते," असं म्हणून नानांनी वरचं बटणही लावलं. त्यानंतर काकूंनी विचारणं सोडलं आणि इस्त्रीवाल्याचा खर्च घरखर्चात धरला.

ही सभा म्हणजे शेअरबाजाराच्या एका ॲपमधला बोर्ड. तिथे प्रत्येक कंपनीचा वेगळा बोर्ड असतो. त्या कंपनीचे शेअर घेतलेले, घ्यावे का म्हणून घुटमळणारे आणि वेळेवर घेतले नाहीत म्हणून जळणारे असे सगळे तिथे जमतात आणि दिवसभर एकमेकांना अक्कल शिकवतात. नानांचा बोर्ड दुर्वांकुर केमिकल्सचा. एवढ्या मोठ्या बाजारातून नानांनी हीच कंपनी का निवडली? कारण ती मोहोपाड्याला आहे आणि हवा स्वच्छ असली की तिच्या चिमणीचा शेंडा ओट्यावरून दिसतो. "ज्या चुलीचा धूर आपल्याला दिसतो, तिच्यावर निदान भात शिजतोय एवढं तरी कळतं," हे नानांचं गुंतवणुकीचं शास्त्र. शेअर किती घेतले ते त्यांनी काकूंनाही सांगितलेलं नाही. फार नसावेत. जास्त असते तर सांगितल्यावाचून त्यांना राहवलंच नसतं.

नाना ग्रामपंचायतीत शिपाई होते. ग्रामसभा असली की रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा करायचा, सभेची वेळ झाली की घराघरांतून, शेताच्या बांधावरून, कधी कधी न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेली माणसं उठवून आणायची आणि कोरम भरायचा, हे त्यांचं काम. सरपंच आले आणि गेले, ग्रामसेवक बदलले, पण सभेच्या दाराशी स्टुलावर बसलेले नाना तेच. त्या स्टुलावर बसून त्यांनी सगळी सभाशास्त्रं कानांनी पाठ केली. सेवानिवृत्त झाल्यावर त्यांच्या अंगात ती नुसतीच खळखळत राहिली. घरात दोनच माणसं ऐकायला, बायको आणि लेक, आणि त्या दोघींचा कायम विरोधी पक्ष. शेवटी लेक हर्षला, जी चौक गावातल्या पतपेढीत नोकरी करते, तिने त्यांना शेअरचं खातं काढून दिलं आणि बोर्ड दाखवला. "नाना, इथे बोला. इथे पुष्कळ माणसं आहेत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात प्रेम होतं आणि सुटकेचा निःश्वासही होता.

पहिल्या दिवशी नानांनी बोर्ड उघडला तेव्हा तिथे धुळवड चालली होती. 'तेजीचा_राजा' नावाचा कोणी 'मंदीबाबा' नावाच्या कोणाचा बाप काढत होता. एक जण सांगत होता, कंपनी जपानी लोक विकत घेणार. दुसरा सांगत होता, मालकाच्या घरी धाड पडली. नानांनी ते सगळं शांतपणे वाचलं आणि एकेक अक्षर टिपत लिहिलं, "दोन्ही सभासदांनी खाली बसावे. एका वेळी एकानेच बोलावे. जपानच्या विषयाला अनुमोदक कोण?"

मंदीबाबाचा बाप अर्धाच काढायचा राहिला. मग 'इंदौरी_सेठ' यांनी विचारलं, "भाई, ये कौन है?"

पण अनुमोदक कोणी पुढे येईना, हे मात्र खरं. तेव्हा नानांनी लिहिलं, "अनुमोदक नसल्याने जपानचा विषय फेटाळण्यात येत आहे." आणि जपान त्या दिवसापुरता मिटला.

लोकांना आधी गंमत वाटली, मग चटक लागली. अफवा हा 'आयत्या वेळचा विषय' मानायचा, सांगणारा तो सूचक, आणि ज्याला ती गोष्ट स्वतंत्रपणे ठाऊक आहे असा दुसरा माणूस अनुमोदक म्हणून उभा राहिला तरच ती दाखल करून घ्यायची, असा नानांचा कायदा. बाकीच्या बोर्डांवर माणसं आई-बहिणीवर येत असताना दुर्वांकुरच्या बोर्डावर 'अध्यक्ष महाराज, मी सन्माननीय सदस्यांशी असहमत आहे, ते गाढव आहेत,' अशी सभ्य भाषा सुरू झाली. सांगलीच्या माधवीताई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका तर केवळ नानांचा कारभार वाचायला येऊ लागल्या. खुद्द कंपनीत काम करणारी मोहोपाडा-वाशिवलीकडची पोरं जेवणाच्या सुट्टीत बोर्ड मोठ्याने वाचून दाखवत. ॲपवाल्यांनीही नानांना बोर्डाचे प्रमुख करून टाकलं. हे कळलं त्या दिवशी नानांनी घरात शिरा करायला लावला.

या कायद्यात एक खोट होती, आणि ती कायद्यात नव्हती, नानांमध्ये होती. ज्याला सूचक आहे आणि अनुमोदक आहे ते दाखल होतं, आणि जे दाखल झालं ते खरं, असं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. पूर्वी एका ग्रामसभेत सखा भोईर यांच्या बैलाला 'उपद्रवी' ठरवणारा ठराव मंजूर झाला होता. बैल इतका गरीब की कावळे त्याच्या पाठीवर बसून डुलक्या काढत. सखा नानांचा जिवाभावाचा मित्र. तरी त्या दिवसापासून बैल मरेपर्यंत नाना त्याला वळसा घालून जात. सखाने एकदा विचारलं, "चांगो, लेका, तुजं कवा वाकडं केलं रं त्यानं?" नाना म्हणाले, "माजं नाय केलं. पन ठराव हाय."

हर्षलाचं लग्न ठरलं ते वाशिवलीच्या धाकलूशेठ गायकरांच्या जितेशशी. जितेश दुर्वांकुरलाच बी शिफ्टला, म्हणजे दुपारपाळीला, ऑपरेटर. पोरगा शांत, कामसू. नाना म्हणाले, "शेअर बी तिथंच, जावय बी तिथंच." धाकलूशेठ मात्र शांत नव्हते. माणूस दिलदार, टेंपोच्या धंद्यातून वर आलेला, पण पाण्यात मीठ जितक्या लवकर विरघळतं त्याहून लवकर त्यांचा अपमान होई. भावकीतल्या एकाने जेवताना 'वरण पातळ हाय' म्हटलं म्हणून त्याच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते.

हळदीच्या आठवड्यातली गोष्ट. बाजार बंद व्हायला आला होता आणि नाना बोर्ड आवरायच्या बेतात होते, तेवढ्यात 'बी_शिफ्टचा_वाघ' या नावाने एक सूचना आली. "बी शिफ्ट बंद. सगळ्यांना घरी पाठवणार. मॅनेजर स्वतः बोलले."

नानांनी सवयीने विचारलं, "अनुमोदक कोण?"

"मी," 'वाशिवली_किंग' लगेच उभे राहिले. "आमच्या घरातलीच खबर हाय."

सूचक झाला, अनुमोदक झाला. नानांनी लिहिलं, "विषय दाखल." आणि लिहून झाल्यावर 'बी शिफ्ट' हे शब्द त्यांनी पुन्हा एकदा वाचले.

बोर्डावर तर वणवा पेटला. बी शिफ्ट बंदची कंपनी बंद झाली, कंपनी बंदचा मालक फरार झाला. आजवर नानांच्या बोर्डावर दाखल झालेली एकही गोष्ट खोटी निघाली नव्हती, त्यामुळे लोकांनी हीसुद्धा देवाज्ञेसारखी घेतली. दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्याबरोबर इंदौरी सेठनी सगळे शेअर विकले आणि 'अध्यक्ष जी, राम राम, बहुत प्रेम मिला,' असं लिहून साश्रू निरोप घेतला.

त्याच सकाळी ओट्यावर सुंदराकाकू तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि नवऱ्याने सांगितलं.

"अगोबाई! जितेशराव बी शिफ्टलाच नाय का?"

"म्हनून तर."

"मग फोन करा ना पोराला. इचारा काय झालं ते."

"दाखल झालेली बाब अशी फोनवर इचारत नसतात गं," नाना उठले. "समक्ष जावं लागतं."

या घरात आजवर सगळ्यात शहाणपणाचं वाक्य जे बोललं गेलं, ते असं वाया गेलं.

नाना टमटमने वाशिवलीला पोचले तेव्हा धाकलूशेठांच्या अंगणात मांडवाचे वासे उभे राहत होते आणि भावकीतली दहा-पंधरा माणसं चहाचे कप घेऊन त्यावर देखरेख करत होती. व्याह्यांना बघून खुर्ची आली, पाणी आलं. खाजगीत बोलावं हे नानांना सुचलं नाही. खाजगीत बोलायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी पाणी पिऊन घसा साफ केला आणि भर अंगणात विचारलं, "व्याही, जितेशरावांच्या नोकरीबाबत पुढचं काय धोरन ठरलंय?"

"धोरन? कसलं धोरन?"

"म्हंजे, कंपनी बंद होतेय असं दाखल झालंय."

"कुठं दाखल झालंय?"

"बोर्डावर."

वासा धरलेल्या माणसांनी वासा तसाच धरून ठेवला. धाकलूशेठांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे कंपनी बंद पडली तर तुमी पोर देनार नाय?"

"तसं नाय वो, मी नुसती चौकशी..."

"सोयरीक माज्या पोराशी केलीत का त्या चिमनीशी?"

नानांना यावर पोटनियम आठवेना.

"आनि बी शिफ्ट बंद हाय, खरं हाय!" धाकलूशेठांचा आवाज आता शेजारच्या आळीत पोचला. "का बंद हाय म्हाईत हाय? शिफ्टमधी निम्मी आमची भावकी, ऱ्हायलेली गाववाली. जितेशच्या हळदीला मशीनवर उभं कोन ऱ्हानार? तो मॅनेजर बिचारा हात जोडून बोलला, जावा रं बाबांनो घरी सगळे, त्या दिसाला शिफ्टच बंद ठेवतो, मागनं भरून काढा. तुमच्या पोरीच्या हळदीपायी बंद हाय कंपनी, व्याही! तुमच्या पोरीच्या!"

मांडवाच्या पलीकडे जितेशचा धाकटा भाऊ प्रवीण आणि त्याचा एक चुलतभाऊ दोरी वळत होते, ते दोरी सोडून हळूच घराच्या मागे सटकले. वाघ आणि किंग. दोघंही बी शिफ्टचे. बोर्डावर एकदा तरी आपल्याला सूचक-अनुमोदक व्हायला मिळावं एवढीच त्या बापड्यांची हौस होती.

"लग्नाला पोरगा येईल," धाकलूशेठ शेवटचं बोलले. "वऱ्हाड येईल. मी नाय येनार तुमच्या दारात."

नाना घरी आले. सगळं ऐकून सुंदराकाकूंनी निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. बोलली ती हर्षला.

"नाना, मला त्या घरात राहायला जायचंय. रोज सकाळी त्यांना चहा द्यायचाय. पहिल्या दिवसापासून सासरे तोंड फिरवून बसलेले आणि त्याचं कारण माझा बाप, असं मी कसं जाऊ?"

"मी काय तुज्या वायटावर होतो काय गं?"

"नाही हो नाना," ती त्यांच्या शेजारी बसली. "ते मला कळतं. त्यांना कळायला हवं."

नानांनी सखा भोईरला मध्यस्थ म्हणून वाशिवलीला धाडलं. सखा संध्याकाळी परत आला तो ढेकर देत.

"बोललास काय?"

"बोलनार होतो. पन त्यांनी जेवाय बसवलं. बोंबलाचं कालवन असं झालं होतं चांगो, की त्याच्यात तुजा विषय काडनं बरं दिसंना."

मग नानांना एकच मार्ग उरला. जिथे चूक दाखल झाली तिथेच ती दुरुस्त करायची. त्यांनी सदरा घातला आणि बोर्डावर लिहिलं: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, बी शिफ्ट एका दिवसापुरती बंद आहे. कारण माझ्या मुलीची हळद. शिफ्टमधले सर्व कामगार वराकडील आहेत. कंपनी उत्तम चालू आहे. मी चौकशी न करता विषय दाखल केला आणि त्यावरून व्याह्यांच्या अंगणात, चारचौघांत, त्यांच्या मुलाच्या नोकरीवर संशय घेतला. व्याही म्हणाले, सोयरीक पोराशी केली का चिमणीशी. त्यांचे बरोबर आहे. चूक अध्यक्षांची आहे. व्याही लग्नाला येणार नाहीत. सभेने मार्ग सुचवावा."

आधी कोणाचा विश्वासच बसेना. हळदीसाठी कारखाना बंद? तेजीचा राजा म्हणाले, "अध्यक्ष महाराज, अनुमोदक कोण?" तेव्हा वाघ आणि किंग मान खाली घालून उभे राहिले आणि सगळं कबूल करून बसले. 'मतलब हमने हल्दी के चक्कर में बेच दिया?' असं विचारत इंदौरी सेठ परत आले. ते गेलेच नव्हते, निरोप घेऊन दाराशी उभे होते.

आणि मग दुर्वांकुरच्या बोर्डावर आजवरची सगळ्यात मोठी चर्चा झाली. शेअरचं कोणी नावही काढलं नाही. मुलीच्या बापाने विचारावं की नाही? सांगलीच्या माधवीताई म्हणाल्या, मुलीचा बाप लग्नाआधी विचारणार नाही तर काय बारशाला विचारणार? मात्र अंगणात विचारलं ते चुकलंच. पण मुलाच्या वडिलांनीही हसून सोडून द्यायला हवं होतं, गृहस्थ तापट दिसतात. मंदीबाबांनी धाकलूशेठांची बाजू घेतली, म्हणून तेजीचे राजे आपोआप नानांच्या बाजूला गेले. इंदौरी सेठनी आपल्या व्याह्याशी आपण एका पंख्यावरून सहा वर्षं कसे बोललो नाही ते सविस्तर लिहिलं, आणि मग बऱ्याच जणांना आपापले व्याही आठवले. नाना वाचत राहिले. सगळे बोलले, पण धाकलूशेठांना आणायचं कसं, तो मार्ग कोणी सुचवला नाही.

हळदीचा दिवस उजाडला. या गावांमधून रीत अशी की आधी नवऱ्याला हळद लागते, मग त्याची उष्टी हळद नवरीकडे जाते, आणि ती आल्याशिवाय नवरीच्या अंगाला बोट लागत नाही. ऊन कलायला लागलं तरी वाशिवलीची हळद येईना. हर्षला पाटावर बसून होती. धवळे, म्हणजे हळदीची गाणी, म्हणणारी ठमीमावशी सगळे देव गाऊन झाले म्हणून आता नातेवाइकांवर आली होती. नाना मांडवाच्या तोंडाशी उभे होते, कोणे एके काळी कोरमची वाट बघत उभे राहायचे तसे. हळद येईल हे त्यांना माहीत होतं. ते हळदीकडे डोळे लावून नव्हतेच.

टेंपोचा हॉर्न वाजला. मागच्या बाजूने बायका हळदीचं ताट सांभाळत उतरायच्या आधी पुढच्या दारातून धाकलूशेठ उतरले. हातात ताट नव्हतं, प्रवीणचा मोबाईल होता.

"कुठं हायत अध्यक्ष?"

नाना पुढे झाले. हात जोडावेत की पाया पडावं, काही ठरेना.

"ही सांगलीची बाई कोन?" धाकलूशेठांनी मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

"सभासद हायत. मास्तरीन होत्या."

"ती लिवते मी तापट हाय! मला बगितलंय का तिनं कदी? बगितलंय?" धाकलूशेठ इतके तापले होते की कपाळावरची हळद घामाने भुवयांत उतरली. "पोराला हळद लागतेय आनि मी तिकडं बसून सगळं वाचून घेतोय पव्याकडनं. एवढी मानसं बोलली. माज्या बाजूनं किती, मोजलीत काय तुमी?"

"नाय मोजली."

"मी मोजली! तिगं! त्यातला एक माजा पोरगा! आनि मी तिथं घरी बसून ऱ्हाऊ? माजी बाजू मांडनार कोन?"

"या, बसा, व्याही," नाना म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "आदी बसा तरी."

धाकलूशेठ बसले. बसता बसता नानांकडे न बघता पुटपुटले, "तुमी माजं वाक्य बाकी बरोबर लिवलंत. चिमनीचं."

तेवढ्यात ठमीमावशीने डाव साधला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या गालांना हळद फासून सूर लावला, 'व्याही आला गं मांडवात, कंपनी ऱ्हायली गं कुलपात.' बायका हसल्या. धाकलूशेठ हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत, आणि त्यांना ओळखणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं. उष्टी हळद पाटाजवळ आली. हर्षला उठून पाया पडायला आली, तेव्हा धाकलूशेठ तिच्या कानाशी वाकले.

"माजी पोर असती ना, तर मी त्या मॅनेजरच्या घरी जाऊन बसलो असतो इचारायला," ते म्हणाले. "पन हे तुज्या बापाला सांगायचं नाय."

"नाही सांगणार," हर्षला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी मांडवाच्या छताकडे बघायला सुरुवात केली.

"चला, लिवा आता," धाकलूशेठ खुर्चीत सावरून बसले. "माजं उत्तर. मी सांगतो तसं लिवा, तुमचं शुद्ध करायचं नाय."

नानांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांच्याही बोटांना आता हळद लागली होती. पडदा पिवळा होई, अक्षर काही उमटेना. धाकलूशेठांनी थोडा वेळ बघितलं, मग खांद्यावरचा कोरा टॉवेल काढून आधी मोबाईल पुसला आणि मग व्याह्यांचा हात हातात घेऊन एकेक बोट पुसून काढलं.

"झालं? लिवा. सांगलीच्या बाई..."

"व्याही," नाना हळूच म्हणाले, "पहिल्यांदा सभेत बोलताय. उभं ऱ्हाऊन बोलायचं असतं."

धाकलूशेठांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उठले, गालांवर हळद तशीच, सदरा खाली ओढून नीट केला आणि लोधिवलीच्या मांडवात उभे राहून, सांगलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. नाना एकेक अक्षर टिपत गेले. बायका हळदीचे हात वर धरून ऐकत थांबल्या, आणि हर्षलाला हळद लागायला त्यामुळे आणखी बराच उशीर झाला.